बेरु बेरे बेरे

“शीर मारली म्हणालासा, मग आता हे ठणकायलंय ते काय?”

मावशींनी खुर्चीत बसायच्या आधी, उभ्याउभ्याच विचारलं. जांबोटीच्या बाजूला कुठंतरी आत त्यांचं गाव. पहिल्या गाडीनं बेळगावजवळच्या खानापुरात उतरायचं, आधी दवाखाना, मग बाजार, दुपारच्या गाडीनं परत, असा त्यांचा शिरस्ता. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या वरच्या डाव्या पहिल्या दाढेचं रूट कॅनाल मी केलं होतं. तीन बैठका, तीन कॅनाल म्हणजे मुळांतल्या नसेच्या नळ्या, वर कॅप. शेवटचा एक्स-रे अजून डोळ्यांपुढं आहे. तीन पांढऱ्या रेघा, मुळांच्या टोकापर्यंत, बोरूनं ओढल्यासारख्या. तो मी मोबाईलवर मैत्रिणीला पाठवलासुद्धा होता. असल्या फुशारक्या मारू नयेत.

आता त्याच दाढेच्या वर, गालाकडच्या हिरडीवर ज्वारीच्या दाण्याएवढी पुळी होती. दाबली की पू. कॅपवर आरशाच्या दांडीनं हलकं टकटक केलं, तर मावशींनी माझं मनगटच धरलं.

“राग न्हाई तुमच्यावर,” त्या म्हणाल्या, “खरं, पैसे गेले की वो.”

आमच्याकडं ‘खरं’ म्हणजे ‘पण’. पुण्याकडच्या माणसाला हे समजायला दोन दिवस लागतात. मावशींच्या त्या वाक्यात मात्र दोन्ही अर्थ चपखल बसत होते.

वरच्या पहिल्या दाढेला तीन मुळं असतात, दोन गालाकडं आणि एक टाळूकडं. तीन मुळं म्हणून तीन कॅनाल, असं चित्र पहिल्या वर्षी फळ्यावर निघतं आणि डोक्यात पक्कं बसतं. पण गालाकडच्या दोघांपैकी पुढचं मूळ गोल नसतं. ते चपटं असतं, गालाकडून टाळूकडं रुंद आणि पुढून मागं पातळ. गोल मुळात एक नळी सुखानं मावते. चपट्या मुळात बहुतेक वेळा दोन असतात, आणि दुसरीचं तोंड डेंटिनच्या, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण थराच्या, एका छोट्या कठड्याखाली दडलेलं असतं. आम्ही तिला एमबी टू म्हणतो. ती राहिली की आतला कुजलेला भाग आणि जंतू तिथंच राहतात, मुळाच्या टोकातून हाडात पाझरतात, आणि सहा-आठ महिन्यांनी हिरडीवर ज्वारीचा दाणा उगवतो.

हे मला माहीत नव्हतं म्हणावं, तर परीक्षेत यावर दोन पानं लिहून आले होते. त्या दिवशी वीज जात-येत होती, बाहेर बाकावर अकरा जण बसले होते, कुणाचं तरी पोर रडत होतं. दाढेच्या आतल्या तळावर शोधणी, म्हणजे टोकदार सळई, दोनदा फिरवली, कुठं अडकली नाही. ‘नसेल’ म्हटलं आणि पुढं गेले.

‘नसेल’ हा आमच्या धंद्यातला सगळ्यात महागडा शब्द आहे. १९६९ मध्ये वाइन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०८ वरच्या पहिल्या दाढांचं हे पुढचं मूळ कापून पाहिलं, तेव्हा निम्म्याहून थोड्या जास्त मुळांत दोन नळ्या निघाल्या. त्या आधी डॉक्टर मंडळी तीनच भरत होती आणि काही दाढा का बिघडतात म्हणून डोकं खाजवत होती. मला त्याहून जास्त लागला तो स्ट्रॉप्को नावाच्या अमेरिकन डॉक्टरचा लेख, १९९९ चा. त्यानं स्वतःच्याच दवाखान्यातल्या आठ वर्षांतल्या १७३२ वरच्या दाढांचा हिशोब मांडला. पहिल्या दाढेत त्याला ही चौथी नळी ७३ टक्क्यांत सापडली. पण सरावलेला हात, हाताशी पुरेसा वेळ आणि दर वेळी मायक्रोस्कोप, असं शेवटच्या काळात जमलं तेव्हा तोच आकडा ९३ टक्क्यांवर गेला. त्या आठ वर्षांत त्याच्या गावातल्या लोकांच्या दाढांना काही नवीन नळ्या फुटल्या नव्हत्या. असा स्वतःविरुद्धचा हिशोब छापायला छाती लागते.

मावशींची कॅप कापून काढली. नळ्यांत भरलेला रबरासारखा गटापर्चा सोडवला. आणि त्या दिवशी बाहेर एकच माणूस बसवायचा, असं ठरवूनच बसले होते.

दाढेच्या आत, नस काढून टाकल्यावर, एक छोटी खोली उरते. तिच्या भिंती फिकट पिवळ्या असतात आणि तळ त्याहून गडद, करडा. मुळांची तोंडं या तळाच्या मधोमध कधीच नसतात, ती भिंत आणि तळ जिथं मिळतात त्या रेषेवर, कोपऱ्यांत असतात. क्रॅस्नर आणि रँकोव या दोघांनी ५०० दात कापून २००४ मध्ये असे काही नियम मांडले, आणि तेव्हापासून माझ्यासारख्यांना अंधारात निदान भिंतीला हात लावून चालता येतं. सापडलेल्या तोंडांना जोडणाऱ्या बारीक गडद रेषाही तळावर दिसतात, शेणानं सारवलेल्या जमिनीला चीर पडावी तशा. गालाकडच्या पुढच्या तोंडापासून टाळूकडच्या तोंडाकडं जाणारी अशी एक चीर मावशींच्या दाढेत होती. आठ महिन्यांपूर्वीही ती असणारच.

अल्ट्रासॉनिक टिपेनं त्या चिरेवरचा कठडा थोडाथोडा उतरवला. फार खोल गेलं की खालच्या तळाला भोक, आणि मग दाढच गेली. मधेच नळ्या धुवायच्या हायपोक्लोराइटचा थेंब सोडून वाट बघायची. आत नसेचा तुकडा शिल्लक असला की तिथून बारीक बुडबुडे वर येतात. आले. तीनच, सावकाश, एकामागून एक. त्या जागी शोधणीचं टोक ठेवलं आणि ते अडकलं. हे अडकणं शब्दांत सांगायचं तर, ओल्या साबणात टाचणी रुतवून मागं ओढताना बोटाला जी ओढ कळते, तशी. दगडावर घसरणारं टोक आणि साबणात रुतणारं टोक यांतला फरक शिकवून येत नाही. मग आठ नंबरची फाईल, म्हणजे नळी घासायची सुई. तिचं टोक ०.०८ मिलिमीटर, म्हणजे साधारण केसाएवढं. ती दोन मिलिमीटर गेली, थांबली, वाकवून पुन्हा घातली, आणि मग शेवटपर्यंत गेली. बाहेर आली तेव्हा टोकाला तपकिरी घाण होती आणि असा वास, की मावशीच म्हणाल्या, “हे काय वो, उंदीर मेल्यागत?”

पुळी आठवड्यात बसली. दुसऱ्यांदा पैसे घेतले नाहीत, त्यांनी पोतंभर रताळी आणून टाकली. आमच्या या पट्ट्यातली रताळी, लाल सालीची. दवाखान्यातल्या सगळ्यांच्या घरी आठवडाभर उपास चालल्यासारखं झालं.

त्यानंतर मी बरणी सुरू केली. मुळची ती लोणच्याची. काढाव्याच लागलेल्या दाढा, पेशंटला विचारून, स्वच्छ करून तिच्यात टाकायच्या. वर्षभरात साठेक जमल्या. मग कॉलेजात शिकलेला एक जुना प्रकार घरच्या मागच्या पडवीत केला. दाढेच्या आत शाई सोडायची, मग पाच टक्क्यांच्या नायट्रिक ॲसिडमध्ये तीन दिवस, रोज ॲसिड बदलून. त्यात दातातलं कॅल्शियम निघून जातं आणि दात रबरासारखा मऊ होतो, नखानं दाबला तर दबतो. मग चढत्या अल्कोहोलमध्ये पाणी काढून घ्यायचं आणि शेवटी मिथिल सॅलिसिलेटमध्ये सोडायचा. हेच ते अंगदुखीच्या बामातलं तेल. पडवीत सगळीकडं आजारी आजीच्या खोलीसारखा वास. आणि त्या वासात, दोन-तीन तासांत, पांढरा दात हळूहळू काचेसारखा पारदर्शक होतो. उरते ती आतली शाई. काळी, बारीक, फांद्या फुटलेली.

पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना हाक मारली. कुणी आलं नाही, टीव्हीवर काहीतरी चालू होतं. आमचा कंपाउंडर मात्र दुसऱ्या दिवशी बराच वेळ बरणी उजेडाकडं धरून उभा होता. तो बैलहोंगलकडचा, घरी कन्नड. एकेक दाढ चिमट्यानं उचलून बघत म्हणाला, “म्याडम, बेरु बेरे बेरे.”

कन्नडमध्ये बेरु म्हणजे मूळ, आणि बेरे म्हणजे वेगळं. मुळं वेगवेगळी. इतकी वर्षं इथं काढून मला हे दोन शब्द एकमेकांच्या इतके शेजारी आहेत हे कधी कानात शिरलं नव्हतं.

सीमाभागातल्या माणसानं ‘मूळ’ हा शब्द काढला की त्यानं लगेच १९५६ च्या राज्य पुनर्रचनेकडं वळावं अशी अपेक्षा असते. मी वळत नाही. माझ्या जिवाला घोर लावणारी मुळं फार तर तेरा-चौदा मिलिमीटरची आहेत.

बरणीतल्या दाढांत काय काय होतं! एका खालच्या सुळ्यामागच्या छोट्या दाढेत नळी सरळ खाली जात होती आणि अर्ध्या वाटेत दोन झाली होती, उसाच्या सरीत पाणी फुटावं तशी. वरून एकच तोंड, खाली दोन. याच जातीच्या दाढांत साधारण चारांत एका वेळी एकाहून जास्त वाटा निघतात, आणि म्हणूनच ती दिसायला सोपी दाढ आम्हांला सगळ्यात जास्त फसवते. खालच्या पुढच्या, अगदी काडीसारख्या दातांतसुद्धा कितीदा दोन नळ्या असतात, बहुतेकदा टोकाजवळ पुन्हा एक होणाऱ्या. एका वरच्या दाढेच्या टोकाला शाईचा झुपका होता, नदी समुद्राला मिळताना फाटते तसा.

हे सगळं कुणीतरी आधी बघून ठेवलेलं आहे, हे अर्थात माहीत होतं. झुरिकच्या वॉल्टर हेसनं शंभर वर्षांपूर्वी दातांच्या आत रबर दाबून भरलं, मग दात विरघळवून टाकला आणि उरलेला रबराचा साचा बघितला. त्याचं पुस्तक इंग्रजीत आलं १९२५ मध्ये. त्यातली चित्रं बघून तेव्हाच्या काही डॉक्टरांनी म्हटलं असणार, की हे साफ करणं माणसाचं काम नव्हे. पुढं १९८४ मध्ये व्हर्टुची या अमेरिकन प्राध्यापकानं २४०० दात माझ्या पडवीतल्याच पद्धतीसारखे पारदर्शक करून नळ्यांचे आठ प्रकार ठरवले. एकाची एक, दोनाची एक, एकाची दोन, एकाची दोन होऊन पुन्हा एक, असे. आम्ही ते प्रकार पाढ्यासारखे पाठ केले. नंतरच्या लोकांनी त्यात बसत नसलेले इतके दात आणून ठेवले, की आता नवी वर्गवारी आली आहे. ती मी पाठ करायच्या फंदात पडले नाही.

हे असं का होतं, हे मला शिवणकामातून समजलं. दाताचा वरचा भाग तयार झाला की त्याच्या कडेपासून पेशींची एक बाही खाली वाढू लागते. हर्टविगची बाही म्हणतात तिला. तिच्या आतल्या बाजूनं मुळाचं डेंटिन बसत जातं. बाही तशीच खाली गेली तर एक मूळ. दाढेत मात्र बाहीच्या काठातून आतल्या बाजूला जिभा फुटतात आणि मध्ये एकमेकींना मिळतात. परकराचा घेर मध्ये टाचला की त्याचा लेंगा होतो, तसं. दोन जिभा मिळाल्या की दोन पाय, तीन मिळाल्या की तीन. आणि एका बाजूनं टाचलंच नाही तर? तर मुळं एका अंगानं चिकटून राहतात आणि आतली नळी गोल न राहता विळ्याच्या पात्यासारखी वाकडी, सलग फट होते. खालच्या दुसऱ्या दाढेत हा प्रकार सापडतो. चीन-कोरियाकडं बराच, आपल्याकडं कमी. १९७९ मध्ये त्याचं पहिलं वर्णन छापून आलं. माझ्याकडं अशी पहिली दाढ आली तेव्हा मी तीन तोंडं शोधत होते आणि फाईल एका तोंडातून घातली की दुसऱ्यातून डोकं काढत होती. भूत लागलं म्हणायची पाळी.

आठवड्यातून दोन संध्याकाळी मी बेळगावात, टिळकवाडीत मैत्रिणीच्या दवाखान्यात बसते. तिच्याकडं मायक्रोस्कोप आहे, म्हणून माझ्या अडलेल्या दाढा तिथं जातात. एका हिवाळ्यात तिथं एक स्वेटरवाला आला. मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीतला. १९६६ पासून ती वसाहत तिथं आहे आणि थंडी पडली की त्यांचे स्वेटरचे ढीग आमच्या गावांत उभे राहतात. खालची पहिली दाढ, सुजलेला गाल. खालच्या दाढेला दोन मुळं, एक पुढं आणि एक मागं. त्याच्या एक्स-रेत मागच्या मुळाची कड दुहेरी दिसत होती, एका रेघेवर दुसरी रेघ जरा सरकून ओढल्यासारखी.

एक्स-रे ही सावली असते, आणि सावलीत पुढचं-मागचं कळत नाही. त्यावरची युक्ती १९१० पासूनची, क्लार्कची. एक्स-रेचा नळा थोडा बाजूला सरकवून दुसरा फोटो घ्यायचा. खानापूरहून लोंढ्याकडं रेल्वेनं जाताना खिडकीतून बघा. जवळचे खांब मागं पळतात, लांबचा डोंगर मात्र आपल्याबरोबर येतो. दातातही तेच. नळ्यापासून लांबचं, जिभेकडचं मूळ नळ्याबरोबर सरकतं, गालाकडचं उलट दिशेला जातं. दुसऱ्या फोटोत ती दुहेरी कड सुटी झाली. मागच्या मुळाच्या जिभेकडच्या बाजूला, बारीक आणि आकड्यासारखं वळलेलं, तिसरं मूळ.

हे मूळ व्हिएन्नाच्या काराबेलीनं १८४४ मध्येच नोंदवलंय. आपल्याकडं ते शंभरांत पाचांपेक्षाही कमी जणांत मिळतं. पूर्व आशियात काही ठिकाणी पाचांत एकाला. माझ्या इतक्या वर्षांत ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतकंच भेटलं असेल. त्याचं तोंड जिभेकडं फार आत असतं, म्हणून दाढेत नेहमीचं त्रिकोणी भोक करून बसलं तर ते दिसतच नाही. भोक चौकोनी करावं लागतं. मी त्याला सांगितलं, तुमच्या दाढेला एक मूळ जास्त आहे. तो सुजल्या गालानं हसला आणि म्हणाला, “एक्स्ट्रा जड़ का एक्स्ट्रा पैसा मत लेना, मॅडम.” अख्खा जन्म घासाघीस करण्यात गेलेला माणूस.

त्या रात्री मी वाचत बसले. १९८० मध्ये तिबेटी पठाराच्या टोकावरच्या एका गुहेत, आजच्या चीनच्या गान्सू प्रांतात, एका भिक्षूला अर्धा जबडा सापडला होता. २०१९ मध्ये तो डेनिसोवन या नामशेष मानवाचा ठरला, निदान १,६०,००० वर्षांपूर्वीचा. आणि त्याच्या खालच्या दुसऱ्या दाढेला तीन मुळं आहेत. काही अभ्यासकांनी म्हटलं, आशियाई माणसांतलं हे तिसरं मूळ त्यांच्याकडूनच आलेलं असणार. दुसऱ्यांनी हरकत घेतली, की ते मूळ आणि हे मूळ एकच नव्हे. त्या भांडणात पडण्याएवढी माझी ऐपत नाही. पण दुसऱ्या दिवशी खडे बाजारात स्वेटरच्या ढिगाशेजारून जाताना मी सगळ्यांच्या गालांकडं बघत होते, हे कबूल करते.

दात उपटतानाही मुळांचे हेच खेळ. वरच्या पहिल्या छोट्या दाढेची दोन मुळं अगरबत्तीच्या काड्यांसारखी, त्यातली एक मोडून आत राहतेच. त्याविषयी फार लिहिण्यासारखं नाही, शिव्या मात्र पुष्कळ आहेत.

त्याहून जास्त त्रास आमच्या भागातल्या मिसरीचा. निपाणीची तंबाखू तव्यावर जाळून, कुटून, सकाळ-संध्याकाळ बोटानं दातांना घासणाऱ्या बायका अजून आहेत. मावशीही त्यातल्याच. वर्षानुवर्षं घासून दाताची मान झिजते. दात बाहेरून झिजला की आतून स्वतःला लिंपत जातो, नसेच्या बाजूनं नवं डेंटिन बसतं. वयानंही तेच होतं. साठीच्या बाईच्या दाढेतली खोली कधीकधी पोह्याच्या जाडीची उरते, तोंडं बुजलेली, आणि चित्रातली चौथी नळी शोधायला गेलं तर पहिल्या तीनच मिळण्याची मारामार. मावशींना मी मिसरी सोडा म्हटलं. त्या म्हणाल्या, “चहा सोडा म्हटलासा तरी चालंल.” विषय तिथंच संपला.

गेल्या महिन्यात नंदगडचे एक निवृत्त मास्तर आले. वरची उजवी पहिली दाढ, आमच्या नोंदीत सोळा नंबर. तीन तोंडं मिळाली. चौथ्यासाठी भिंग लावून चिरेवरून गेले, बुडबुड्यांची वाट बघितली, दोन कोनांतून फोटो घेतले. शोधणी कुठंच रुतली नाही. चाळीस मिनिटं झाली होती. आणखी खणलं असतं तर तळ गेला असता. थांबले, तीन भरल्या.

आता मी पेशंटच्या कार्डावर हेसुद्धा लिहिते. मास्तरांच्या कार्डावर घाईघाईत लिहिलं: ‘१६. तीन कॅनाल भरले. चौथा शोधला, सापडला नाही. सहा महिन्यानी एक्स-रे.’

मास्तरांनी चष्मा लावून ते वाचलं. तोंड बधिर होतं, त्यामुळं बोलणं अर्धवट येत होतं.

“सापडला नाही म्हणजे नाहीच,” त्यांनी विचारलं, “का आहे, खरं सापडला नाही?”

“ते सांगता येत नाही, मास्तर.”

त्यांनी मान हलवली. मग माझ्याच खिशातलं पेन मागून घेतलं, कार्ड गुडघ्यावर धरलं, आणि ‘महिन्यानी’वर राहिलेला अनुस्वार दिला.